लंगड्या गाढवाचा धनी

सावित्रीबाई-जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध वर्गात मोठ्याने वाचायचा ठरला तेव्हा सरांनी एकेकाला एकेक परिच्छेद वाटून दिला. झेरॉक्स फिकी आली होती, कुठे वेलांट्या उडालेल्या, कुठे ओळीच्या ओळी राखाडी. दुपारचं लेक्चर, पंख्याची खडखड, खाली पार्किंगमध्ये कुणाची तरी गाडी किका मारूनही चालू होत नव्हती. माझ्या आधी माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण उठली. ती उदगीरकडची. तिच्या वाट्याला आला होता गाढवाचा भाग. मुक्ता म्हणते, तुम्ही एखाद्या लंगड्या गाढवाला मारून पाहा, त्याचा धनी तुमची फजिती केल्याशिवाय राहील का? पण मांग-महारांना मारू नका असं म्हणणारा कोण होता? मैत्रिणीने ते वाक्य असं वाचलं की मागच्या बाकावरचे दोघे मोबाइलमधून मान वर काढून बघायला लागले. वाचून झाल्यावर ती हसली. खुशीत, एखाद्या वादात आपल्या माणसाने बिनतोड मुद्दा मांडल्यावर आपण हसतो तशी.

मग मी उठले. माझ्या परिच्छेदात मुलं होती. वरच्या जातीची मुलं मांग-महारांच्या मुलांना दगड मारतात, रक्त निघतं, तरी ती मुलं सरकारात जात नाहीत. कारण त्याच घरी पुन्हा उष्टं आणायला जायचं असतं. म्हणून गप्प राहतात. मी नीट वाचलं, आवाज कुठे अडकला नाही, पण खाली बसल्यावर पुढच्या मुलाने काय वाचलं ते माझ्या कानात शिरलंच नाही. तेवढ्यात मैत्रिणीने तिची झेरॉक्स माझ्याकडे सरकवली. गाढवाच्या वाक्याखाली तिने निळ्या पेनने दोनदा रेघ मारली होती आणि ती अजून हसत होती. मला ते हसणं कळलं नाही. कळलं नाही म्हणून ते बरेच दिवस डोक्यात राहिलं. रक्ताच्या शेजारी बसून हिला हसू कसं येतं?

मुलांवरच्या क्रौर्याबद्दल वाचायची माझी सवय जुनी आहे. आठवीत असताना शाळेच्या लायब्ररीतून अ‍ॅन फ्रँकच्या डायरीचा मराठी अनुवाद आणला होता. जुलै महिना, आठवडाभर पाऊस थांबलेला नव्हता, वाळत घातलेल्या युनिफॉर्मचा कुबट वास खोलीभर पसरलेला. पांघरूण डोक्यावरून घेऊन मी ते पुस्तक वाचायचे. अ‍ॅनला ती वही तेराव्या वाढदिवसाला मिळाली, १२ जून १९४२ ला, आणि मीही तेव्हा तेरा वर्षांची होते. एवढं साम्य मला पुरेसं होतं. महिन्याच्या आत तिचं ज्यू कुटुंब नाझींपासून वाचण्यासाठी अ‍ॅमस्टरडॅममध्ये वडिलांच्या ऑफिसमागच्या जागेत लपायला गेलं. पुस्तकांच्या कपाटामागे दार, आत आठ माणसं, दिवसा खाली कामगार असेपर्यंत नळ सोडायचा नाही, चप्पल वाजवायची नाही. मीसुद्धा दोन दिवस घरात पाय न वाजवता चालत होते आणि आई विचारत होती, पायाला काय लागलंय का. ४ ऑगस्ट १९४४ ला ते सगळे पकडले गेले. आठांपैकी फक्त वडील वाचले. अ‍ॅन १९४५ च्या सुरुवातीला बर्गन-बेल्सनच्या छावणीत मेली, पंधरा वर्षांची, आणि त्याच एप्रिलमध्ये इंग्रज फौजांनी ती छावणी सोडवली. त्या काही आठवड्यांचा मला फार राग यायचा. कॅलेंडरवर बोट ठेवून मी दिवस मोजायचे.

त्या रडण्यात एक सुख होतं, हे सांगायला हवं. मी पूर्णपणे अ‍ॅनच्या बाजूची होते आणि त्या बाजूने असण्याची किंमत काहीच नव्हती. माझ्या ओळखीचं कुणी त्या गोष्टीत नव्हतं. ज्यांनी पकडलं त्यांची भाषा मला येत नव्हती, त्यांची गावं मी पाहिली नव्हती. आपण तिथे असतो तर त्यांना मदत करणाऱ्या मीप गिससारखे असतो, लपलेल्यांना भाजी नेऊन दिली असती, वह्या सांभाळून ठेवल्या असत्या, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. तेराव्या वर्षी कुणाच्याच मनात नसते. आणि आणखी एक गोष्ट होती, जिच्याबद्दल मी कधी कुणाशी बोलले नाही. मला पुढचं वाचायचं असायचं. छावणीत नेमकं काय झालं, किती थंडी होती, कशाने मेली. डायरी जिथे संपते तिथे ते नसतं, म्हणून मी ते दुसरीकडे शोधून वाचलं. दुःख खरं होतं आणि ती भूकही खरी होती, दोन्ही एकाच वेळी. आजही एखाद्या मुलीवरच्या अत्याचाराची बातमी आली की माझं बोट मोबाइलवर खाली खाली सरकत जातं, आणि पोटात ढवळत असूनही ते थांबत नाही.

मुक्ताचा निबंध वाचताना मात्र मला रडू आलं नाही.

त्याचं एक कारण गुलटेकडी आहे. मी पुण्यात गुलटेकडीला राहते. पहाटे साडेचारला माझ्या खिडकीखालून कांद्याचे ट्रक रिव्हर्स घेत मार्केट यार्डात शिरतात, आठ वाजेपर्यंत रस्ताभर कोबीची पानं चेंगरून त्यांचा आंबूस वास सुटतो, हमाल पाठीवर पोती आणि हातात लोखंडी आकडा घेऊन ‘चलाऽ बाजू’ म्हणत पळतात. फुलबाजारापाशी झेंडूचा आणि पाणी मारलेल्या पोत्यांचा वास एकत्र येतो. माझ्या आधार कार्डावर हे नाव आहे, पिझ्झा मागवताना मी हे नाव सांगते. आणि १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापलेल्या निबंधात सुमारे चौदा वर्षांची, जेमतेम तीन वर्षं शाळेत गेलेली मुलगी लिहिते की बाजीरावाच्या राज्यात मांग किंवा महार तालीमखान्यापुढून गेला तर याच गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या मुंडक्याचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळत. अ‍ॅमस्टरडॅम मी नकाशात शोधलं होतं. इथे शोधायला काही नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी बसमधून उतरले, कोथिंबिरीची जुडी घेतली, आणि घरापर्यंतच्या रस्त्यात मैदान नेमकं कुठे असेल याचा विचार करत राहिले. यार्डाच्या मागे? की कॅनॉलच्या बाजूला? एवढ्या बांधकामात आता कोण सांगणार.

पेशवाई बुडाली १८१८ ला. मुक्ता लिहिते त्याच्या सदतीस वर्षांनी. म्हणजे हे तिने पाहिलेलं नव्हतं, घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं. इमारतीच्या पायात माणसाला तेल-शेंदूर पाजून पुरायचे, हेही ऐकलेलं. कुणी वाचताना सापडला तर बाजीराव काय म्हणायचा, हेही ऐकलेलं: हे वाचायला लागले तर ब्राह्मणांनी काय धोकट्या बगलेत मारून हजामती करत फिरावं? ती जे स्वतः पाहून लिहिते ते दगडांचं आहे, उष्ट्याचं आहे, आणि बाळंतिणींचं आहे, ज्यांच्या घरावर छप्परसुद्धा नसतं आणि थंडी-पाऊस-वारा थेट अंगावर येतो. ऐकलेलं आणि पाहिलेलं ती एकाच दमात सांगते. हे माझ्या लक्षात आलं आणि मी माझ्या घरातल्या म्हातारीकडे वळले.

त्याआधी सावित्रीबाईंबद्दल थोडं. पुण्यात शाळेत गेलेल्या प्रत्येक मुलीने ३ जानेवारीला एकदा तरी सावित्रीबाई होऊन स्टेजवर उभं राहिलेलं असतं. मीही राहिले आहे. आईची नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, हातात पुस्तक, आणि दुसरी दोन मुलं कागदाचे गोळे मारणार, ते म्हणजे शेण. शाळेत जाताना लोक अंगावर शेण-चिखल टाकायचे, म्हणून त्या जास्तीचं लुगडं बरोबर न्यायच्या, हे आम्हाला पाठ होतं. कागदाचे गोळे मारणाऱ्या मुलांना कधी नाव नसायचं. त्यांना संवादही नसायचे. सगळ्या पुण्याला सावित्रीबाईंची बाजू घ्यायची आहे आणि शेण टाकणाऱ्यांचे वंशज कुणीच नाहीत, असं कसं होईल? त्या माणसांची याच पेठांमध्ये घरं होती, मुलंबाळं होती, सणावाराला पुरणपोळी होत होती. फुल्यांची मुलींची शाळा जिथे भरली तो भिडेवाडा २०२३ च्या डिसेंबरात पाडला. तिथे स्मारक व्हायचं आहे आणि ते व्हायलाच हवं. पण त्या वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरची घरं कुणाची होती, खिडकीतून कोण बघत होतं, हे मला आता जास्त जाणून घ्यावंसं वाटतं.

आजी दुपारी गवार मोडत बसली होती. तिला डोळ्यांनी आता बारीक वाचवत नाही, म्हणून मी अभ्यासाचं कधीकधी तिला वाचून दाखवते, आणि तिला ते आवडतं. मी तिला निबंध वाचून दाखवला. गुलटेकडीचं ऐकून ती म्हणाली, ‘अगंबाई, इथे?’ आणि खिडकीकडे बघितलं. उष्ट्याचा भाग आला तेव्हा तिचे हात थांबले नाहीत. शिरा काढत, गवारीचे तुकडे ताटात टाकत, अगदी सहज म्हणाली, ‘आमच्याकडेही यायचा एक मुलगा. परसदाराला.’

तिचं माहेर सासवडच्या पुढे. वाडा मी लहानपणी पाहिला आहे. ओटी, माजघर, मागे न्हाणी आणि न्हाणीपलीकडे परसदार, त्याला आडणा. तिथे रोज जेवणं आटोपल्यावर एक मुलगा येऊन उभा राहायचा. हाक मारायचा नाही, फक्त उभा राहायचा. त्याच्या हातात जर्मनचं पातेलं, तळाला पोचा आलेलं. घरातल्या बायकांनी विटाळ नको म्हणून वाढायचं काम पोरीकडे दिलेलं, म्हणजे आजीकडे, कारण पोरीने परकर बदलला की झालं. पातेलं त्याने खाली ठेवायचं आणि मागे सरायचं, मग आजीने वरून ओतायचं. शिळी भाकरी, आमटीचं खरकटं, सणाच्या दुसऱ्या दिवशी भात. वरून ओतल्यामुळे आमटी उडायची आणि त्याच्या पायावर पडायची. ‘गरम नसायची गं,’ आजी म्हणाली, ‘गार झालेलीच असायची.’ पातेल्याचा पोचा तिला आठवतो, डाव्या बाजूला होता. त्याचं नाव आठवत नाही. मी विचारलं, दगड? तर म्हणाली, ‘मुलगे मारायचे. आमचा दादाही मारायचा. मुलगेच ते.’

हे आजी आठ-नऊ वर्षांची असतानाचं, म्हणजे १९५५ च्या आगेमागे. अस्पृश्यता नष्ट करणारं घटनेचं सतरावं कलम लागू होऊन पाच वर्षं झाली होती. अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम त्याच १९५५ सालचा. मुक्ताचा निबंध छापून आल्यावर बरोबर शंभर वर्षांनी ती शिक्षा होण्याजोगी गोष्ट ठरली, आणि त्या साली माझी आजी परसदाराशी उभी राहून वरून आमटी ओतत होती. कायद्याने दार एका दिवसात उघडत नाही हे पुस्तकात वाचलेलं होतं. १९७० च्या दशकातही बाबा आढावांना ‘एक गाव, एक पाणवठा’ म्हणत गावोगाव फिरावं लागलं, हेही नोट्समध्ये होतं. पण ते दार आपल्याच आजीच्या माहेरच्या वाड्याचं आहे, त्याचा आडणा आपण लहानपणी खेळताना सरकवलेला आहे, हे कळल्यावर नोट्सचा काही उपयोग राहत नाही. सगळ्यात अवघड हे की मला आजीचा राग आला नाही. मी तिच्या मांडीवर झोपून मोठी झाले. आठ वर्षांच्या त्या परकरातल्या पोरीला कुणी विचारलंही नव्हतं, वाढणार का म्हणून. आणि तो दादा, म्हणजे आमचे मामाआजोबा, त्यांनी मला सारसबागेत सायकल शिकवली, मागून सीट धरून धापा टाकत धावले. त्यांच्या हातात मी आता दगड कसा बघायचा? मला तो बघवत नाही आणि बघायला हवाही. या दोन्हींच्या मधली कुठलीच जागा सोयीची नाही. अ‍ॅनच्या वेळी मला ही अडचण नव्हती.

मी हे फार जुनं म्हणून बाजूला ठेवू शकले असते. पण लायब्ररीत वर्तमानपत्रांच्या बांधलेल्या फायली असतात, आणि एका प्रोजेक्टसाठी मी २०१४ ची फाइल काढली होती. त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात सतरा वर्षांच्या दलित मुलाला वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो या संशयावरून मारून टाकलं. मारहाण शाळेच्या आवारातून सुरू झाली. मग त्याचा देह झाडाला लटकता सापडला. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते आणि मला या बातमीतलं काही आठवत नाही. बहुधा आमच्या घरात तो पेपर माझ्यासमोर उघडला गेला नसेल. २०१७ मध्ये खटल्याचा निकाल लागला. साक्षीदार फितूर झाले, आरोपी निर्दोष सुटले. फायलीचा कागद बोटांना भुकटीसारखा लागत होता. मी निकालाची बातमी दोनदा वाचली आणि मुक्ताचं ते कारण आठवलं, मुलं गप्प का राहतात त्याचं. खर्ड्यातल्या साक्षीदारांना काय वाटलं असेल ते मी सांगू शकत नाही, मी तिथे नव्हते. पण एवढं मला माहीत आहे की ज्या गावात उद्या दळण न्यायचं आहे, मजुरीला जायचं आहे, पोराला त्याच शाळेत घालायचं आहे, तिथे कोर्टात उभं राहून बोट दाखवणं ही एका दिवसाची गोष्ट नसते. मुक्ताच्या निबंधात गरिबीची आणि भीतीची गाठ एकाच वाक्यात बांधलेली आहे. तीन वर्षं शिकलेल्या मुलीला जे दिसलं ते अजून कितीतरी शिकलेल्यांना दिसत नाही. ‘तक्रार का नाही केली’ हा प्रश्न आजही पहिला विचारला जातो.

त्या मैत्रिणीला मी शेवटी विचारलं. आम्ही कॉलेजबाहेरच्या अमृततुल्यात उभ्या होतो, पितळी भांड्यात चहा उकळत होता, वेलची-आल्याचा वास, आणि ती क्रीम रोलचा भुगा बोटाने टिपून खात होती. मी म्हटलं, त्या दिवशी तू हसलीस, का? तिला आधी आठवेना. मग म्हणाली, ‘गाढवाचं? अगं, काय ठोकलंय तिने! समोरच्याला जागाच ठेवली नाही.’ तिच्या घरी हा निबंध तिने लहानपणापासून ऐकलेला आहे. तिच्या काकांना त्यातले परिच्छेदच्या परिच्छेद पाठ आहेत, ते घरगुती भांडणातसुद्धा गाढवाचा दाखला देतात. मी म्हटलं, मला त्यातलं रक्तच दिसत राहिलं. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. म्हणाली, ‘तुम्ही लोक ना, रक्तच वाचता. ती काय म्हणतेय ते वाच ना. आमच्या पोरीने वाद घातलाय, रडगाणं नाही गायलेलं.’ मग चहाचे पैसे तिने दिले आणि आम्ही दुसऱ्याच विषयावर बोलायला लागलो, असाइनमेंटची तारीख वगैरे.

घरी येऊन मी निबंध पुन्हा काढला. आणि खरंच, ते सगळं वाद घालणं आहे. वेद फक्त आमचे आहेत असं ब्राह्मण म्हणतात ना, मग आम्हाला धर्मग्रंथच नाही, आणि ग्रंथ नाही तर आम्ही धर्मरहित झालो. तेव्हा देवा, तुझ्याकडून आलेला आमचा धर्म कोणता ते आम्हाला सांग. ही हाक भोळी नाही. समोरच्याचंच म्हणणं उचलून ती त्याच्या शेवटापर्यंत नेते आणि तिथे त्याला उभं करते. बाळंतिणीचं दुःख सांगून ती थांबत नाही, लगेच विचारते की तुमच्यात असा कोण संभावित वैद्य होता ज्याने फुकट औषध दिलं? ती आपल्याच माणसांनाही सोडत नाही. मांगापेक्षा महार स्वतःला वरचा समजतो, हेही ती लिहिते, आणि सगळ्यांना सांगते की ज्ञानाचं औषध घ्या, म्हणजे तुमची रात्रंदिवस जनावरांसारखी हजेरी घेतात ती बंद होईल. इंग्रज राज्याचे ती मोकळेपणाने आभार मानते. हे वाचताना शाळेत शिकलेला इतिहास माझ्या मनात कुरकुरला, कारण दोनच वर्षांनी १८५७ येतं. पण चौदा वर्षांच्या मुक्ताला जे सरकार शाळेच्या वाटेवर आडवं येत नव्हतं ते बरं वाटलं, तर तिला राष्ट्रभक्ती मी कुठल्या तोंडाने शिकवू? तिचं गणित तिच्या वस्तीतून मांडलेलं होतं. मी मात्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा दगड लागलेलं कपाळ बघत बसले होते, आणि त्या कपाळामागे चाललेला विचार माझ्या नजरेतून निसटला होता.

मग अ‍ॅनकडेही पुन्हा गेले. आठवीत तिचं प्रत्येक पान मी तिच्या मरणापासून मागे वाचलं होतं. ती आईवर चिडली की मला रडू यायचं, पीटरबद्दल लिहिलं की रडू यायचं, बटाट्यांबद्दल लिहिलं तरी रडू यायचं. आता वाचताना ती भलतीच कामात दिसली. मार्च १९४४ मध्ये लंडनहून रेडिओवर डच सरकारचा एक मंत्री म्हणाला की युद्धानंतर लोकांच्या डायऱ्या आणि पत्रं गोळा केली जातील. ते ऐकल्यावर तिने आपली डायरी सुट्या कागदांवर पुन्हा लिहायला घेतली. जुने मजकूर कापले, काही जोडले, माणसांची नावं बदलली, पुस्तकाचं नाव ठरवलं. पत्रकार व्हायचं, लेखिका व्हायचं असं तिने स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे मी जिला बिचारी समजून पांघरुणात कुरवाळत होते ती मुलगी टेबलाशी बसून आपला मसुदा तपासत होती. टेबलावरून तर तिचं खोलीतल्या जोडीदाराशी भांडणही झालं होतं, लिहायला वेळ मिळावा म्हणून. त्या भांडणात ती किती मुद्देसूद बोलते! तिचा मृत्यू त्यामुळे कमी भयंकर होत नाही. उलट आता मला ते नुकसान कसलं होतं ते जास्त नेमकं कळतं.

मला वाटतं, छळ करणाऱ्यालाही समोरच्या मुलाचं फक्त अंग दिसत असतं, दगड लागण्याजोगं, वरून ओतण्याजोगं. त्या अंगाला मत आहे, विनोद आहे, हिशेब आहे हे त्याच्या ध्यानात येत नाही किंवा येऊ द्यायचं नसतं. कळवळ्याने वाचणाऱ्यानेही फक्त अंगच बघितलं तर त्याचा कळवळा कितीही खरा असो, मुलाच्या वाट्याला तेवढंच येतं. हे मी कठोर होऊन म्हणत नाही. रक्त दिसलं की डोळा तिकडेच जाणार. पण तिथेच थांबायचं नाही, एवढं मी आता स्वतःला वाचताना बजावते, आणि बातम्या वाचतानाही. सतरा वर्षांच्या त्या मुलाच्या फायलीत तो कसा मेला हे बारीकसारीक आहे. त्याला काय आवडायचं, कोणत्या विषयात तो पुढे होता, त्याला कशावरून हसू यायचं, हे मी वाचलेल्या बातम्यांमध्ये एकाही ओळीत नव्हतं.

गेल्या आठवड्यात आजीने मामाआजोबांना फोन लावला. मी लावायला सांगितलं नव्हतं. गवारीच्या दुपारनंतर तिच्याच मनात ते घोळत असणार. स्पीकर चालू करता येत नाही म्हणून तिने मला हाक मारली. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, ‘दादा, परसदाराला यायचा तो मुलगा, त्याचं नाव काय रे?’ मला वाटलं, ते म्हणतील कोण मुलगा. पण त्यांनी लगेच नाव सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. ते नाव इथे लिहायचा मला अधिकार नाही, त्याची नातवंडं कुठेतरी असतील. मामाआजोबा चौऱ्याऐंशीचे आहेत, सकाळी काय खाल्लं ते विसरतात. ते म्हणाले, ‘माझ्याच वर्गात होता तो. बाहेर पडवीत बसायचा. पावकी-निमकी मास्तरांनी विचारली की सगळ्यात आधी त्याचं उत्तर यायचं, बाहेरून. आम्ही आत ठोंब्यासारखे.’ आजीला हे माहीत नव्हतं. तिला तो शाळेत जायचा हेसुद्धा माहीत नव्हतं, तिने त्याला फक्त पातेल्यासकट पाहिलेलं.

रविवारी आम्ही दोघी कोथरूडला त्यांच्याकडे जाणार आहोत. मी वहीत प्रश्न लिहून ठेवलेत, कारण समोर बसल्यावर मला सुचणार नाही. त्याला पडवीत कुणी बसवलं, मास्तरांनी की गावाने? त्याची पाटी होती का? चौथीनंतर तो कुठे गेला, आणि शिकला असेल तर कुठवर? तो मास्तरांशी कधी वाद घालायचा का? दगडांचंही विचारणार आहे. पण आधी हे, कारण दगडांपासून सुरुवात केली तर मामाआजोबा गप्प होतील किंवा रडतील आणि त्या मुलाचं बाकीचं सगळं राहून जाईल. काल रात्री आजी माझ्या पलंगाच्या कडेला येऊन बसली आणि म्हणाली, एक माझाही लिही. आईने त्याला कधी ताजं, गरम वाढायला लावलं होतं का, हे दादाला विचार. मी लिहून घेतलं. यादीत सगळ्यात खाली.